पहिली ते चौथीच्या लेकरांना पळवायचं कसं? अर्धी शाळा ओट्यावरच बसून असते

जिंतूरच्या बाई

नमस्कार. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागले आणि परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातली एका वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा मिळाली. पहिली ते चौथी, पट 43. मुख्याध्यापक सर तिसरी-चौथी घेतात, पहिली-दुसरी माझ्याकडं. खेळाचा तास मात्र चारी वर्गांचा एकत्र, आणि तो आपसूक माझ्या गळ्यात पडलाय, कारण सर त्या वेळेला ऑनलाइन माहिती भरत बसलेले असतात.

खेळाचा तास म्हटला की चौथीतली सात-आठ पोरं बॅट घेऊन मैदानाचा मधला भाग धरतात. बाकीचे काही फिल्डिंगच्या नावाखाली उभे. पोरी ओट्यावर. त्यातल्या दोघी-तिघींच्या कडेवर भावंडं असतात. आई कापूस वेचायला गेली की बारकं बहिणीसोबत शाळेत येतं. दुसरीतला एक पोरगा अंगानं जरा भरलेला आहे, त्याला "ढोल्या" म्हणून चिडवतात. तो तर दप्तरं राखायचं काम स्वतःहून मागून घेतो. मी शिट्टी मारून सगळ्यांना गोलात बसवते, 'मामाचं पत्र हरवलं' सुरू करते. दहा मिनिटांत गोल मोडतो, ढकलाढकली, रडारड.

मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात चपलेला पायलीभर चिखल, दिवाळीनंतर सराट्याचे काटे, फेब्रुवारीत भेगा. निम्मी लेकरं अनवाणी. मार्च लागला की सकाळच्या शाळेतसुद्धा दहानंतर बाहेर उभं राहवत नाही.

साहित्य आहे. दोऱ्या, रिंगा, दोन फुटबॉल, सगळं कपाटात. फुटलं तर डेडस्टॉकला, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, काय दाखवायचं म्हणून सर कुलूप काढत नाहीत. पालक म्हणायलेत, "मॅडम, खेळायला घरी हायेच की, शाळेत शिकवा."

डीएडला शारीरिक शिक्षणाचा पेपर होता, त्यात मैदानांची मापं होती. ओट्यावर बसलेल्या पोरीला खाली कसं उतरवायचं ते नव्हतं. कुणी स्वतः केलेलं असेल ते सांगा. फिट इंडियाच्या शपथेचा फोटो कसा काढायचा ते मला येतं.

सोयाबीनवाला, सेलू

मॅडम, राग मानू नका. खेड्यातल्या लेकराला कशाला पाहिजे व्यायाम? सकाळी शेरडं सोडतंय, पाणी आणतंय, सुट्टीत कापूस वेचतंय. आमच्या टायमाला कुठं होता खेळाचा तास? तरी झालोच की धडधाकट. त्यापेक्षा लेकरांना वाचता येतंय का बघा. माझा पुतण्या चौथीत आहे, भागाकार म्हटलं की वर आढ्याकडं बघतो.

शिट्टीवाले गुरुजी, धाराशिव

मॅडम, अख्खी नोकरी गळ्यात शिट्टी घालून काढली, आता निवृत्त आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी सोयाबीनवाल्या भाऊंना. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी अन् पळत जायचा. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. त्याचा फोटो आता शाळाशाळांत लागलाय. पण फोटो बघणारं लेकरू शाळेत येतं कसं? तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारातून नेती, दारात सोडती. वस्तीवरच्या शाळेत येणाऱ्याचं घर तर हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी बापाचा मोबाइल. आणि कापूस वेचण्याला व्यायामात धरू नका भाऊ. वाकून वाकून कंबर मोडती, पण दम लागत नाही. ह्या वयात दम लागायला पाहिजे. भागाकाराचं पुढं सांगतो, विसरलो नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच ते सतरा वर्षांच्या लेकरांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काही: उड्या, चढणं, लंगडी. सलग साठ मिनिटं नव्हं. परिपाठाला दहा, तासाला पंचवीस, सुट्टीत थोडं, उरलेलं घरी. वस्तीवरच्या शाळेत हे जमण्यासारखं आहे, शहरापेक्षा सोपं आहे.

आता तुमच्या गोलाचं गणित मांडू. 43 लेकरांच्या गोलात 'मामाचं पत्र' खेळताना एका वेळेला पळतात दोन. एक डाव पाऊण मिनिटाचा धरा. अर्ध्या तासात चाळीस डाव. म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोनदा पळणं, तेही दहा-पंधरा सेकंद. बाकीचा सगळा वेळ मांडी घालून बसायचं आणि मागं रुमाल पडला का ते चाचपत राहायचं. सहा-सात वर्षांचं लेकरू एवढा वेळ बसतंय का? ते शेजारच्याला ढकलणारच. 'रुमाल उचल' पण तसलाच. क्रिकेटची गोष्ट तर तुम्हीच सांगितलीत.

संगीत खुर्ची त्याहून वाईट. तिच्यात पहिल्यांदा बाहेर कोण जातं? जे अंगानं जड आहे, जे बारकं आहे, जे बुजरं आहे. म्हणजे पळायची सगळ्यात जास्त गरज ज्याला, ते आधी ओट्यावर. जे घोडं आधीच पळतंय ते शेवटपर्यंत पळतं आणि त्यालाच वर बक्षीस. तुमचा दप्तरं राखणारा गडी हुशार आहे बरं का. बाद होऊन सगळ्यांदेखत बसण्यापेक्षा आधीच बसलेलं बरं, हे त्यानं ओळखलंय.

म्हणून माझी अट एकच. चौथीपर्यंत बाद करणारा खेळ घ्यायचाच नाही, आणि घेतला तर बाद झालेला अर्ध्या मिनिटात परत आत आला पाहिजे.

आपल्याकडं असा खेळ आयता आहे, विषामृत. राज्य असलेल्यानं शिवून "विष" म्हटलं की जागेवर बसायचं, गड्यानं येऊन "अमृत" म्हणून शिवलं की उठून पळायचं. पण 43 जणांत एकावर राज्य दिलं तर तो बिचारा रडकुंडीला येतो. पाच-सहा जणांवर द्या. हाताला लाल रिबन बांधा, दोन मिनिटांनी शिट्टी, रिबन दुसऱ्याच्या हाताला. आणि तुमच्या त्या दुसरीतल्या पोराला काय करा, त्याला विष लागत नाही असं जाहीर करा. तो फक्त अमृतवाला. मग बघा, मैदानभर त्याच्या नावानं हाका सुरू होतील आणि प्रत्येक हाकेला त्याला पळावं लागेल. त्याचं खरं नाव घेऊनच हाक मारायची, "ढोल्या" म्हणणाऱ्याला अमृत नाही, हाही नियम आत्ताच करून टाका.

'डोंगर का पाणी' चांगला, साखळी चांगली (सापडेल तो हाताला हात लावून साखळीत येतो, कुणी बसत नाही). लंगडी तर फारच चांगली, जागा कमी लागते. पण एकानं लंगडी घालत सगळ्यांना पकडायचं अन् बाकीच्यांनी बघायचं असं नको. मैदानाचे चार चौकोन करा, फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) आखा, फक्की नसली तर राखेनं, प्रत्येक चौकोनात दहा-अकरा लेकरं आणि दोन लंगडीवाले. पाय बदलायची मुभा द्या. डावा पाय सगळ्यांचाच कच्चा असतो.

आता मी धाराशिवचा, खो-खोबद्दल बोललो नाही तर गावात तोंड दाखवता येणार नाही. सारिका काळे आमच्या इथली. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कप्तानीखाली सुवर्ण, 2020 ला अर्जुन पुरस्कार. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, बायांचा-बाप्यांचा दोन्ही आपल्याकडंच आला. तरी सांगतो, पहिली-दुसरीला अख्खा खो-खो लावू नका. नऊ जणांत आठ बसलेले, पळतो एक. मोठ्या मुलांना ते बसणंच शिकायचं असतं, कुठल्या पायावर उठायचं, तोंड कुठं करायचं. बारक्यांना त्यात राम वाटत नाही. चौघं बसवा, पाचवा पळवा, समोर दोघं सोडा. खांबाच्या जागी दोन दगड. अशा पाच-सहा ओळी एकाच वेळेला. खो इतक्या लवकर फिरून येतो की बूड टेकायला सवड मिळत नाही.

गडी वाटताना दोन कप्तान उभे करून "तू माझ्याकडं" चालू करू नका. शेवटी उरतं कोण ते तुम्हाला माहीत आहे. जुनी रीत बरी होती: सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करायची, लांब जाऊन आपसात नावं ठेवायची, एक चंद्र एक सूर्य, आणि कप्तानासमोर येऊन विचारायचं, "कुणी घ्या चंद्र, कुणी घ्या सूर्य." कप्तानाला कळतच नाही कोण येणार. संघ सारखे पडतात आणि कुणी शिल्लक राहत नाही. आजीला विचारा, सगळ्यांना येती ही.

क्रिकेटवाल्यांची बॅट मात्र काढून घेऊ नका, पोरं वैरी होतील. नियम बदला. एकानं बॉल टोलवला की बॅटिंगची अख्खी टोळी लिंबाच्या झाडाला वळसा घालून पळत परत येणार, पुन्हा जाणार. फिल्डिंगवाल्यांनी बॉल अडवणाऱ्याच्या मागं पळत येऊन सगळ्यांची रांग लावायची आणि ओरडायचं, "थांब!" तोवर जेवढे वळसे झाले तेवढ्या रना. मग पुढचा बॅटिंगला. एका बॉलला 43 च्या 43 पळतात. चौथीची पोरं पहिल्यांदा नाक मुरडतील, "हे काय क्रिकेट आहे का" म्हणतील. रना मोजायचं काम त्यांच्याकडं द्या.

भागाकार राहिला. लिंबाखाली खडूनं आकडे लिहिलेले पुठ्ठे पसरा, ओट्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. चार टोळ्या. तुम्ही म्हणायचं "छत्तीस भागिले चार," टोळीतल्या एकानं पळत जाऊन नऊचा पुठ्ठा आणायचा. पहिलीला "सदतीस आण" एवढंच. टोळी मोठी नको, नाहीतर परत रांगच लागली. हे तुमच्या सरांच्या निपुणच्या, म्हणजे वाचन-गणिताच्या सरकारी कार्यक्रमाच्या, तक्त्यातपण बसतंय, त्यामुळं ते आडवे येणार नाहीत. पालकांच्या देखत घ्या एखाद्या दिवशी.

शेवटचं. आज खेळाच्या तासाला सगळ्यांकडं बघू नका. एकाच लेकरावर डोळा ठेवा, ओट्यावर बसणाऱ्यांपैकी एखाद्यावर, आणि घड्याळ लावून बघा ते किती वेळ हाललं. मग मला लिहा.

लातूरकरीण

गुरुजी, तुमचं वाचून मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "संगीत खुर्ची वाईट असतं हे मी आधीच सांगितलं होतं."

आमचं दुखणं उलटं आहे. लातुरात राहतो, मुलगा तिसरीत, इंग्रजी शाळा. सातला व्हॅन, दोनला घरी, चारला क्लास, सहाला दुसरा क्लास. आमच्या गावात लेकरू जन्मलं की लोक कुठल्या कॉलेजला टाकणार विचारतात. शाळेला मैदान म्हणजे फरशी घातलेलं अंगण, त्यात व्हॅन लावतात. आठवड्यात पीटीचा एक तास, आणि गृहपाठ राहिला की तोच तास बंद. माझ्या मुलाचा गृहपाठ नेहमीच राहतो, म्हणजे पीटी कधीच नाही. मी भेटून सांगितलं तर उत्तर आलं, "मॅडम, शिक्षा केल्याशिवाय लिहीत नाहीत."

शेवटी दुसरा क्लास बंद केला. सासूबाई अजून बोलत नाहीत नीट. पण संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये आता सात-आठ लेकरं असतात, दोन स्कूटींच्या मधनं लपाछपी. खालच्या मजल्यावरचे काका ओरडतात ते वेगळं.

शिट्टीवाले गुरुजी, धाराशिव

ताई, क्लास बंद केलात ते लाखात एक केलंत.

खेळाचा तास काढून घेणं ही शिक्षा ज्यानं काढली त्याला एकदा दुसरीच्या वर्गात पाच तास बाकावर बसवा म्हणतो मी. ज्या पोराला बसवत नाही म्हणून लिहवत नाही, त्यालाच आणखी बसवायचं! ह्याची दुसरी बाजू आमच्यासारख्या शिट्टीवाल्या मास्तरांची. उशिरा आला, मैदानाला पाच चकरा. गोंधळ केला, वीस उठाबशा. पळणं म्हणजे शिक्षा हे एकदा डोक्यात बसलं की ते पोरगं मोठेपणी पोलीस भरतीशिवाय पळत नाही. मॅडम, हे दोन्ही तुमच्या शाळेत होऊ देऊ नका. सर करत असतील तर गोडीत सांगा.

आरोग्यसेविका, औंढा नागनाथ

गुरुजींनी खेळाचं सांगितलं, मी दुसरं सांगते.

जे लेकरू दोन चकरांत मटकन बसतं त्याला लगेच आळशी ठरवू नका. खालची पापणी ओढून बघा, जीभ बघा, नखं बघा. पांढुरकी दिसली तर रक्त कमी असण्याची शंका धरायची आणि आरोग्य उपकेंद्रात पाठवायचं. आपल्या भागात अशी लेकरं कमी नाहीत, पोरी तर जास्तच.

शाळेत लोहाच्या गोळ्या येतात त्या कपाटात ठेवायच्या नाहीत (तुमच्या शाळेतलं कपाट ऐकून भीती वाटली). पाच ते नऊ वर्षांच्या लेकरांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, तिच्यात 45 मिलिग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. निळी गोळी दहाच्या पुढच्यांची, जास्त ताकदीची, ती बारक्यांना द्यायची नाही. चौथीत दहा पूर्ण झालेलं कुणी असेल तर वय बघून द्या. गोळी खिचडी खाल्ल्यावर, उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि दुसऱ्या आठवड्यात लेकरू तोंड घट्ट मिटून घेतं. शौचाला काळं होतं हे आयांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "मॅडमनं काय दिलं" म्हणून भांडायला येतात. जंताची गोळी फेब्रुवारीत असते, ती चुकवू नका. पोटात जंत असले की लोह देऊन काय उपयोग.

दुसरं, खेळाची वेळ. बरीच लेकरं सकाळी चहा-बटरवर येतात. परिपाठाला जोरात पळवलं की एखादं चक्कर येऊन पडणारच. परिपाठाला हलकं ठेवा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला पाहिजेत असा नियम आहे, त्या खिचडीवरच त्यांचा दिवस असतो. पण खिचडी झाल्या झाल्या पण पळवू नका, पोटात कळ येते. थोडं बसू द्या. मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत खेळ पहिल्या तासालाच उरकायचा, लेकरांना घरून काहीतरी खाऊन यायला बजावायचं. मध्ये मध्ये थांबवून प्रत्येकाला पाणी पाजा. "तहान लागली का" विचारू नका, खेळात रंगलेलं लेकरू नाहीच म्हणतं. डोकं दुखतं, मळमळतं म्हणालं, घाम थांबून अंग तापलं, तर सावलीत घ्या, ओल्या फडक्यानं पुसा, आणि दवाखान्यात फोन करा.

पळताना ओठ निळे पडणारं, छातीला हात लावून बसणारं लेकरू असेल तर त्याला पळवूच नका. बाल स्वास्थ्य योजनेचं, लेकरं तपासणारं सरकारी पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, पण त्याची वाट बघत बसू नका, आधी नाव कळवा. हृदयाचं असेल तर त्या योजनेतनं पुढची सोय होते.

सोयाबीनवाला, सेलू

पुठ्ठ्याचं करून बघितलं पुतण्यावर, खळ्यात. छत्तीस भागिले चारला सहाचा पुठ्ठा घेऊन आला. पण चार-पाचदा गेला पळत, घरी तर अभ्यासाला एका जागी दोन मिनिटं बसत नव्हता. बघू.

जिंतूरच्या बाई

सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुम्ही लिहायला सांगितलं म्हणून लिहिते.

डोळा ठेवला तो तिसरीतल्या एका पोरीवर. भावंड कडेवर असणाऱ्यांतली. अख्ख्या तासात ती एकदा उठली, ते बारकं रांगत पायरीकडं गेलं म्हणून.

विषामृत दुसरी-तिसरीला फार आवडलं. चौथीची पोरं "हे पोरींचं हाय" म्हणून बाजूला झाली. मग रिबनी त्यांच्याच हाताला बांधल्या आणि सगळ्यांना एकाच वेळी बसवून दाखवा म्हटलं. अजून जमलेलं नाही त्यांना, घामाघूम होतात आणि उद्या परत मागतात. अमृतवाल्याचं तुम्ही म्हणालात तसं झालं, फक्त तो आता वर्गात पण "मी अमृत देणार नाही" म्हणून धमक्या देतो. क्रिकेटचे वळसे चांगले चाललेत. पुठ्ठ्यांवर मुख्याध्यापक सर खूश, 'आनंददायी शनिवार'च्या अहवालात फोटोसकट टाकलं.

कपाट तसंच आहे. आणि भावंडंवाल्या पोरींचं, सराट्याचं काय करू ते सांगा. काल एकाच्या टाचेतून तीन काढले.

शिट्टीवाले गुरुजी, धाराशिव

वर्गातल्या धमक्यांवर उपाय सोपा, आठवड्याला अमृतवाला बदला. पण त्याला अधनंमधनं परत करत जा.

कपाटाचं: प्राथमिक शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून क्रीडा साहित्यासाठी 5000 रुपयांपर्यंत मिळतात ते वापरायलाच. वापरून झिजलेल्या साहित्याचं रीतसर निर्लेखन होतं, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकता येतं, सरांना माहीत आहे, कागदं वाढतात म्हणून टाळतात. देवाणघेवाणीची एक वही घाला, चौथीच्या दोघांकडं द्या, कोणी काय नेलं अन् कधी आणलं. तोवर बैलाचा कासरा आणा कुणाच्यातरी गोठ्यातला. दोघांनी दोन टोकांना धरून फिरवायचा, मध्ये चार-पाच जणांनी एकदम उड्या मारायच्या. चांगला जाड असतो, वाऱ्यानं हेलकावत नाही. अशा दोन दोऱ्या लावल्या की पोरी ओट्यावरनं आपोआप खाली येतात, बोलवावं लागत नाही. कुणाच्या घरी हलगी असेल तर तीही. हलगीच्या तालावर लेझीम, चार आवाज, आठ आवाज. लेझीम नसल्या तर टिपऱ्या. त्यात कुणी जिंकत नाही, कुणी बाद होत नाही आणि अख्खी शाळा एकदम हालती. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला गावासमोर घ्या. "शाळेत शिकवा" म्हणणारे तेच पालक मोबाइल वर धरून शूटिंग काढतील.

भावंडाचं. तीन वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडीत बसतं, ताईंशी बोलून घ्या. त्याहून बारकं असेल तर तुम्ही घ्या कडेवर. शिट्टी वाजवायला एक हात पुरतो. दोन-तीन असतील तर लिंबाखाली सतरंजी टाका आणि पोषण आहाराच्या मावशींना तेवढा अर्धा तास शेजारी तांदूळ निवडत बसायला सांगा. पोरीचा खेळायचा अर्धा तास म्हणजे अर्धा तास, मधनं बोलवायचं नाही.

खो-खो, लंगडीच्या पट्ट्यापुरता तरी मुरूम टाकून घ्या. सरपंचाला धरा, दोन ट्रॉल्यांत होतंय. पाणी मारून रोलर फिरवला की भेगाही पडत नाहीत, पायाला चिखलही लागत नाही.

आणि सराटे. पावसाळ्यात पिवळी बारकी फुलं दिसली की मुळासकट उपटायचे, खुरप्यानं नुसतं वरचं कापलं तर परत फुटतात. आता काटे वाळून पडले असतील तर उपटून भागत नाही. जुनं गोणपाट ओलं करा, त्यावर एक दगड ठेवा, दोरीनं बांधून मैदानभर आडवं-उभं ओढा. काटे त्याला चिकटून येतात. हे काम लेकरांना नका सांगू, तुम्ही अन् सर करा, किंवा शाळा समितीच्या एखाद्या माणसाला चप्पल घालून ओढू द्या. झाल्यावर गोणपाट जाळून टाका. उकिरड्यावर टाकलं तर पुढच्या वर्षी शेणखतासोबत सोयाबीनवाल्या भाऊंच्या शेतात.